कँडीसाहेब आणि जाण्यायेण्याची क्रियापदे

मराठी लिहिताना वाक्य संपले की आपण पूर्णविराम देतो, मध्ये किंचित थांबायचे असेल तेथे स्वल्पविराम देतो, प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह देतो. ही चिन्हे आता इतकी अंगवळणी पडली आहेत की ती आपल्या लिपीबरोबरच जन्मास आली असावीत असे वाटते. परंतु पेशवे दप्तरातील एखादा मोडी कागद पाहावा. त्यात शब्दाला शब्द लागून गेलेला असतो आणि वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने आपल्या अनुभवाने ओळखायचे असते. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो पुरुष जन्माने मराठी नव्हता. तो कंपनी सरकारच्या फौजेतला एक इंग्रज अधिकारी होता. त्याचे नाव मेजर थॉमस कँडी.

वाङ्मयाच्या इतिहासात कँडीसाहेबांचे नाव येते ते बहुधा तीन कारणांनी. एक विरामचिन्हे, दुसरे कोश आणि तिसरे म्हणजे त्यांच्या मराठीवर झालेली टीका. मी आपल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझे लक्ष त्यांच्याकडे वेधले ते या तिन्हींपैकी कशानेही नव्हे, तर इंग्रजीतील अगदी साध्या क्रियापदांनी. ‘गो’, ‘कम’, ‘गेट’, ‘रन’, ‘फॉल’ हे शब्द मुले लहानपणीच शिकतात, तरीही बी.ए.च्या वर्गात ते घाम फोडतात. कारण त्यांच्यामागे ‘इन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ यांपैकी एखादे शेपूट लागले की अर्थ कोठल्या कोठे जातो. ‘रन’ म्हणजे धावणे. पण ‘रन आउट’ म्हणजे संपणे, आणि ‘रन इन्टू’ म्हणजे कोणाची अवचित गाठ पडणे. ‘रन डाउन’ म्हणजे तर एखाद्याची निंदा करणे किंवा त्याला गाडीखाली घेणे! वाकडचा विद्यार्थी हिंजवडीच्या एखाद्या कचेरीत मुलाखतीला जातो तेव्हा तो अडतो तो जड शब्दांपाशी नव्हे, या हलक्या शब्दांपाशी. आणि मग इंग्रजी आपल्या नशिबातच नाही असे मनाशी धरून बसतो.

हीच अडचण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने दुसऱ्या बाजूने अनुभवली. आपल्या भाषेतील हे सोपे शब्द मराठीत कसे आणावेत, या प्रश्नावर त्याने आयुष्यातील कित्येक वर्षे घालवली. त्या माणसाचे चरित्र या दृष्टीने पाहिले, तर आपल्या वर्गातील अडचणीवर थोडा प्रकाश पडेल असे मला वाटते.

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडातील ईस्ट नॉइल या गावी झाला. तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू होती. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि चार वर्षांनी, १८२२ साली, कँडी कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. नव्याने हाती आलेल्या मुलखात राज्य चालवायचे तर रयतेची भाषा कळली पाहिजे, हे कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी ओळखले होते. भाषा शिकणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना पलटणीत दुभाष्याचे काम मिळे. कँडीही त्याच वाटेने मराठीकडे आले.

या वाटेवर त्यांना भेटला जेम्स टॉमस मोल्सवर्थ. मोल्सवर्थ वयाने नऊ वर्षांनी मोठा होता आणि मराठी शब्द जमवण्याचा त्याला ध्यासच लागला होता. सरकारने त्याच्याकडे मराठी-इंग्रजी कोशाचे काम सोपवले. मदतीस शास्त्रीमंडळी होती. शिवाय थॉमस कँडी आणि त्यांचे बंधू जॉर्ज कँडी हे दोघेही होते. १८३१ साली हा कोश मुंबईत छापून निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या सुमारे ६०,००० वर गेली. नुसते ग्रंथांतले शब्द घेऊन हे मंडळ थांबले नाही. शेतकऱ्याचे, सुताराचे, बायकांच्या बोलण्यातले, कोकणातले, देशावरचे असे सारे शब्द त्यांनी टिपले. पुण्याच्या लोकांनी मोल्सवर्थला कौतुकाने मोलेसरशास्त्री म्हणावे यात नवल नाही.

मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा रस्ता असा बांधून झाला. आता परतीचा रस्ता बांधायचा होता, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश. आरंभ मोल्सवर्थनेच केला. पण प्रकृतीने साथ न दिल्यामुळे तो १८३६ साली विलायतेस गेला आणि सारे ओझे कँडींच्या खांद्यावर आले. ते त्यांनी अकरा वर्षे वाहिले. १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला आणि १८७३ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

वरवर पाहता परतीचा रस्ता सोपा वाटतो. मराठी-इंग्रजी कोश उलटा केला की झाले, असे कोणीही म्हणेल. पण तसे होत नाही. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजाला सांगायचा तर चार ओळींचे वर्णन लिहून भागते. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यायचा तर तो मराठी माणसाच्या तोंडी असलेला शब्दच हवा. जड इंग्रजी शब्दांसाठी संस्कृताचा आधार होता; शास्त्रीमंडळी हाताशी होती. खरा कस लागणार होता तो ‘गो’ आणि ‘कम’ यांच्यापाशी. कारण हे एकेक क्रियापद नव्हे, एकेक मोठे कुटुंबच आहे.

ही गोष्ट इंग्रज कोशकारांना ठाऊक नव्हती असे नाही. डॉक्टर जॉन्सन याने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने याच विषयावर मुद्दाम लिहिले. क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला ती सर्वांत जास्त त्रास देते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने अशी जोडरूपे आपल्या कोशात कसोशीने नोंदवली. गंमत म्हणजे या प्रकाराला तेव्हा निश्चित नाव नव्हते. आज व्याकरणाच्या पुस्तकांत आढळणारे ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाले. कँडीसाहेबांनी हे काम केले ते वस्तूला नाव नसताना.

त्यांच्या कोशात इंग्रजी क्रियापदाखाली त्याची जोडरूपे वेगवेगळी मांडून त्यांच्यापुढे मराठी शब्दांची रांग दिलेली असते. ही मांडणी डोळ्यांखालून घालताना मला एक गोष्ट जाणवली, आणि तीच या लेखाचा गाभा आहे. इंग्रजीत मूळ शब्द एकच राहतो आणि शेपूट बदलते. मराठीत मात्र दर वेळी नवे क्रियापदच उभे राहते. ‘गो अप’ म्हणजे चढणे. ‘गो डाउन’ म्हणजे उतरणे. ‘गो इन’ म्हणजे शिरणे. ‘गो आउट’ म्हणजे निघणे. ‘गो बॅक’ म्हणजे परतणे. ‘गो अक्रॉस’ म्हणजे ओलांडणे. इंग्रजाने एका ‘गो’वर भागवले तेथे मराठीने सहा क्रियापदे खर्च केली!

याचा अर्थ असा की दिशा सांगण्याचे काम इंग्रजीत मागचा छोटा शब्द करतो, तर मराठीत ते काम बहुतेक वेळा क्रियापद स्वतःच करते. आपण ‘खाली उतरला’, ‘वर चढला’ असेही म्हणतो, हे खरे. पण एक सोपी कसोटी लावून पाहावी. ‘तो झाडावरून खाली उतरला’ या वाक्यातून ‘खाली’ काढून टाका. काही बिघडत नाही. उतरला म्हणजे खालीच आला. आता इंग्रजीत ‘ही केम डाउन’ या वाक्यातून ‘डाउन’ काढा. माणूस आला एवढेच उरले. झाडावरून आला की गावाहून, पत्ता लागत नाही. मराठीत जो शब्द शोभेचा आहे तोच इंग्रजीत वाक्याचा कणा आहे. आपले विद्यार्थी हे छोटे शब्द गाळतात किंवा नको तेथे घालतात, त्यामागे हा फरक असतो.

नको तेथे घालण्याचेही कारण येथेच आहे. ‘खोलीत शिरला’ यातला ‘त’ आपल्या कानात बसलेला असतो. म्हणून मुले ‘एन्टर’च्या पुढे ‘इन्टू’ लावतात. ‘पुण्याला पोहोचलो’ यातला ‘ला’ मनात असतो, म्हणून ‘रीच’च्या पुढे ‘टू’ येतो. वास्तविक ‘एन्टर’ या शब्दाच्या पोटातच ‘आत’ आहे. करारात ‘एन्टर इन्टू’ होता येते, खोलीत नाही. ‘रीच’लाही ‘टू’ची गरज नाही, पण त्याच अर्थाचा ‘गेट’ घेतला की ‘टू’ लागतो, आणि ‘अराइव्ह’ घेतला तर ‘ॲट’ किंवा ‘इन’.

इंग्रजीत असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके दरबारात व कोर्टकचेरीत फ्रेंच भाषा चालली. ‘एन्टर’, ‘रिटर्न’, ‘डिसेंड’, ‘अराइव्ह’, ‘पास’ हे शब्द त्या फ्रेंच वाटेने आले. त्यांच्या पोटात दिशा आधीच भरलेली असते. या बाबतीत ते आपल्या शिरणे, परतणे, उतरणे यांचे भाऊच होत. पण घरात, शेतात आणि बाजारात इंग्रज माणूस आपले जुने ‘गो’, ‘कम’, ‘रन’ हेच शब्द ‘इन’ आणि ‘अप’ जोडून बोलत राहिला. म्हणजे इंग्रजीत दोन मजले आहेत, एक दिवाणखान्याचा आणि एक स्वयंपाकघराचा. मराठी विद्यार्थ्याला दिवाणखाना सोपा जातो, कारण त्याची रचना आपल्या घरासारखी आहे. म्हणूनच आपला मुलगा जिना ‘डिसेंड’ करतो. तो चुकत नाही; पण रोजच्या बोलण्यात इंग्रज मनुष्य जिन्यावरून ‘कम डाउन’ करतो.

दुसरा फरक चालीचा आहे. मुळा नदीवरचा पूल एखाद्याने पायी पार केला, तर आपण म्हणू, त्याने चालत पूल ओलांडला. इंग्रज म्हणेल, ‘ही वॉक्ड अक्रॉस द ब्रिज’. आपण मुख्य क्रियापदात दिशा घालतो आणि चालत, धावत, पोहत ही रीत बाजूला सांगतो. इंग्रज चालण्याची रीत मुख्य क्रियापदात घालतो आणि दिशा ‘अक्रॉस’वर सोपवतो. धावत जिना उतरणे याला तो ‘रन डाउन द स्टेअर्स’ म्हणतो. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली आणि त्यानंतर केलेल्या लेखनात जगातील भाषांची अशी दोन गटांत विभागणी मांडली. दिशा क्रियापदात ठेवणाऱ्या भाषा एकीकडे, ती क्रियापदाबाहेर ठेवणाऱ्या दुसरीकडे. इंग्रजी दुसऱ्या गटात येते. आपली मराठी बरीचशी पहिल्या गटाकडे झुकते. कँडींच्या काळी ही परिभाषा नव्हती. पण ज्याने हजारो शब्दांना एकेक करून प्रतिशब्द शोधले, त्याच्या हाताला हा फरक रोज लागत असला पाहिजे.

याहून कठीण भाग पुढे आहे. ‘गो’ आणि ‘कम’ यांना शेपूट लागून जेव्हा प्रत्यक्ष हालचाल उरतच नाही, तेव्हा मराठीत काय करावे? ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे, किंवा मन वळणे. ‘फॉल आउट’ म्हणजे बिनसणे. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. ‘कम अक्रॉस’ म्हणजे आढळणे. ‘गो ऑफ’ म्हणजे बंदूक उडणे, दिवे जाणे किंवा दूध नासणे. जशी वस्तू तसा शब्द. येथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. बंदूक दूर गेली असे लिहिणारा भाषांतरकार स्वतःच हास्यास्पद होईल. त्याने आधी इंग्रजी वाक्याचा अर्थ समजून घ्यावा, मग पुस्तक मिटावे, आणि आपल्या आईने हे कसे म्हटले असते ते आठवावे.

मराठीला ही कला परकी नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. इंग्रज जे काम ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आफ्टर’ यांच्याकडून करवून घेतो, ते आपण बरेचदा शरीराच्या अवयवांकडून करवून घेतो. अंगावर येणे, अंगलट येणे, पाठीस लागणे, हातातून जाणे, डोक्यावर बसणे, तोंडघशी पडणे, नाकासमोर चालणे! परक्या माणसाला यातले एकही शब्दशः समजणार नाही. ‘एखाद्याच्या वाटेला जाणे’ यात वाटही नाही आणि जाणेही नाही. इंग्रजी ‘रन आफ्टर’ पाठ करताना कपाळाला हात लावणारा विद्यार्थी त्याच तोंडाने ‘मागे लागणे’ किती सहज बोलतो! कँडी आणि मोल्सवर्थ यांनी ही आपली रूपे परकेपणाने, म्हणूनच बारकाईने, टिपली. आपल्या भाषेतील अवघड जागा आपल्याला दिसत नाहीत. त्या दाखवायला बाहेरचा डोळा लागतो.

कोशाचे काम चालू असतानाच कँडींचा संबंध पुण्याशी जडला. १८२१ साली दक्षिणा फंडातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती. तिलाच हिंदू कॉलेज म्हणत. १८३७ साली कँडी तिचे सुपरिंटेंडेंट झाले. शास्त्र्यांच्या या पाठशाळेत इंग्रज अधिकाऱ्याने लुडबूड करणे सर्वांना रुचले असेल असे नाही. पण तेथेच पुढे मराठी गद्याचे एक मोठे नाव तयार झाले, ते म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकर. १८५१ साली ही पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. वाकडहून विश्रामबागवाडा पंधरा-सोळा किलोमीटरपेक्षा फार दूर नाही. तो वाडा अजून उभा आहे. लक्ष्मी रोडला खरेदीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकदा तिकडे वाकडी वाट करावी. इंग्रजी आणि मराठी या दोन भाषा पुण्यात एका छपराखाली बसून अभ्यासल्या गेल्या, त्यांतली ही एक जागा आहे.

कँडींच्या उत्तरायुष्यातील काम भाषांतराचे होते. ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळांची क्रमिक पुस्तके आणि सरकारी कागद यांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. १८६० च्या इंडियन पीनल कोडच्या मराठी भाषांतराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. कायद्याच्या भाषांतरात एक अव्यय चुकले तर निरपराध माणूस तुरुंगात जाईल, अशी ती जबाबदारी. विरामचिन्हांचे महत्त्व त्यांना वाटले यामागे हीही जाणीव असावी. १८५० साली त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक निघाले होते. छापील मराठी वाचणाऱ्याला श्वास कोठे घ्यावा हे कळू लागले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण याच कामावर पुढे टीकेचे मोहोळ उठले. मराठी पुस्तकात काय शुद्ध आणि काय अशुद्ध हे एका इंग्रजाने ठरवावे, ही गोष्ट स्वाभिमानी मराठी लेखकांना बोचली. १८७४ साली कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी निबंधमाला सुरू केली. मराठीला तिचे स्वतःचे तेज पाहिजे हा त्या पिढीचा आग्रह होता. क्रमिक पुस्तकांतील मराठी इंग्रजी वळणाची, गुळगुळीत आणि निर्जीव झाली, शब्द मराठी पण वाक्याचा सांगाडा इंग्रजी, असा आक्षेप कँडींच्या भाषेवर घेतला गेला आणि तो पुढेही टिकून राहिला.

या वादात मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते. ज्या कोशकाराने ‘गो’साठी दर वेळी वेगळे मराठी क्रियापद शोधले, त्याच्याच देखरेखीखालील पुस्तकांत इंग्रजी घाटाची वाक्ये यावीत, हे विचित्र खरे. पण ते समजण्यासारखे आहे. कोशात एकेक शब्द समोर येतो; तेथे थांबता येते, शास्त्र्याला विचारता येते. सलग भाषांतरात वाक्यामागून वाक्य रेटत जावे लागते, आणि मूळ वाक्याचा प्रवाह भाषांतरकाराला ओढून नेतो. तो ओढा कँडींनाच होता असे नाही. आजचे वर्तमानपत्र उघडले तरी तो दिसतो. आणि त्या ओढ्यातून पार होता येते, याचा दाखलाही त्याच काळात आहे. कृष्णशास्त्र्यांनी इंग्रजीवरून आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी १८६१ पासून निघू लागल्या. परक्या मुलखातल्या त्या गोष्टी अशा मराठीत उतरल्या की त्या पुण्यातल्याच कोणा आजीने सांगितल्या असाव्यात. विश्रामबागवाड्यातील पाठशाळेचा विद्यार्थी तेथल्या साहेबाच्या पुढे गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडीसाहेबांचे निधन झाले. मोल्सवर्थ त्यापूर्वी १८७१ मध्ये विलायतेत वारला होता. अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी आलेला एक तरुण बहात्तराव्या वर्षी याच मातीत निजला. त्यांनी बांधलेल्या रस्त्यावरून पुढे अनेक जण गेले. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश विसाव्या शतकाच्या आरंभी निघाला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने तर खेडोपाडी इंग्रजी नेले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी त्याच पुस्तकावर इंग्रजी गिरवले असेल.

आता वाकडकडे येऊ. म्हातोबाच्या देवळाभोवतीचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. त्यानंतर ऊसमळ्यांच्या जागी इमारती उठल्या आणि महामार्गाच्या कडेला देशभरची माणसे येऊन राहिली. त्यांच्याबरोबर इंग्रजीतील हे छोटे शब्दही गावात शिरले. आज येथला टॅक्सीवाला ‘पिकअप’ कोठे आणि ‘ड्रॉप’ कोठे हे विचारतो. कचेरीतला मुलगा ‘लॉग इन’ करतो, दुकानदार ‘चेकआउट’ म्हणतो. इंग्रजीत जे क्रियापद होते ते आपण नाम करून घेतले आणि त्याला आपले ‘करणे’ जोडले. भाषा अशीच चालते. यात रडण्यासारखे काही नाही. मात्र एवढ्यावरून आपल्याला इंग्रजीची जाण आली असेही समजू नये.

विद्यार्थी मित्रांना मी दोन-तीन गोष्टी सुचवतो. पहिली म्हणजे या जोडशब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. एक क्रियापद घ्या आणि ते आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवून पाहा. रिक्षात आणि मोटारीत ‘गेट इन’ करायचे, त्यांतून ‘गेट आउट’ करायचे. पण बसमध्ये आणि आगगाडीत ‘गेट ऑन’ करायचे आणि ‘गेट ऑफ’ करायचे. का? तर मोटारीत आपण कोंबून बसतो, बसमध्ये उभे राहून हिंडता येते. तिच्याकडे इंग्रज एखाद्या फलाटासारखे पाहतो. सायकल आणि घोडा यांच्यावर तर आपणही बसतो, तेथे ‘ऑन’च येणार. आपण बसमधून ‘गेट डाउन’ करतो, कारण मनात ‘उतरणे’ असते. हिंदुस्थानात ते सर्वांना कळते. विलायतेत ‘गेट ऑफ’ म्हणावे.

दुसरी गोष्ट, शेपूट लावायचे की नाही हे ठरवताना शब्दाच्या पोटात दिशा आहे का ते पाहा. ‘गो होम’मध्ये ‘टू’ का नाही? कारण येथे ‘होम’ म्हणजे ‘घर’ नव्हे, ‘घरी’. आपणही ‘घरी जातो’ म्हणतो. ‘घरीला जातो’ म्हणत नाही. ‘हिअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ यांचेही तेच. येथे, परदेशी, माडीवर. मराठीने हा धडा तुम्हाला जन्मतःच शिकवला आहे.

तिसरी गोष्ट कँडीसाहेबांच्या आयुष्यातून घ्यावी. त्यांना मराठी येत नव्हती म्हणून त्यांनी मराठीला नावे ठेवली नाहीत. तिच्या सुताराकडे, कुणब्याकडे आणि शास्त्र्याकडे जाऊन ऐकले, टिपले आणि अकरा वर्षे एका कोशापाशी बसून राहिले. ‘गो’ आणि ‘कम’ यांच्यासाठी मराठी शब्द शोधताना त्यांना जितके कष्ट पडले, त्याहून कमी कष्टात आपल्याला इंग्रजी येऊ शकेल. कारण आपल्या हाती त्यांचा कोश आहे आणि त्यानंतरचे कितीतरी. फक्त इंग्रजी वाक्य समोर आले की शब्दामागून शब्द न ठेवता, हेच आपल्या घरी कसे म्हणतात ते आधी आठवावे. ज्याला ‘उतरणे’ आणि ‘ओलांडणे’ यांतली गंमत कळली, त्याला ‘डाउन’ आणि ‘अक्रॉस’ यांची भीती वाटण्याचे कारण उरत नाही.